कच्छच्या रणातून बाहेर पडल्यावर टायरमध्ये हवा कशी भरायची

ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळघरात कमरेएवढं पाणी होतं. बडोद्यात त्या रात्री अनेकांनी केलं तेच आम्हीही केलं आणि आमची थार उड्डाणपुलावर नेऊन लावली, म्हणून गाडी वाचली. गाडीतलं सामान मात्र तळघरातल्या कपाटात राहिलं होतं. जॅक, पाने, ओढायचा पट्टा आणि बाबांचा वीस वर्षं जुना पायपंप चार दिवस गढूळ पाण्यात होता. पायपंपाचं सिलिंडर गंजून आतल्या आत अडकलं. हवेचा कंप्रेसर विकत घेण्याची वेळ आली ती अशी.

त्यानंतर मार्च २०२५पर्यंत जे झालं ते सगळं लिहून ठेवते आहे. रणात, वाळूत किंवा चिखलात गाडी नेण्यासाठी टायरची हवा कमी करायची हे आता पुष्कळांना माहीत असतं. बाहेर आल्यावर ती परत कशी भरायची याचा विचार आम्हीही आधी केला नव्हता.

दिवाळीच्या सेलमध्ये १,८९९ रुपयांना एक छोटा पंप ऑनलाइन घेतला. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, वर आकडे दाखवणारी पट्टी, बाजूला दिवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि खाली बारीक अक्षरांत ३५ लिटर प्रति मिनिट. मी हिशोब केला की आपल्या टायरला ३० लागतात, हा १५० देतो, म्हणजे पाचपट ताकद. हा हिशोब साफ चुकीचा होता. का, ते पुढे येईलच. घरी एकदा २७ वरून ३० पर्यंत हवा भरून पाहिली, दीड-दोन मिनिटांत झाली, आणि मी निर्धास्त झाले.

२८ डिसेंबरला, शनिवारी पहाटे आम्ही चौघं कच्छच्या लहान रणाकडे निघालो. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि बाबा. एक्सप्रेसवेनं अहमदाबाद, मग साणंद, विरमगाम, बजाणा, असे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं, अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, बाकीच्या दिवसांत वन खात्याच्या चौकीवर परवाना काढून जाता येतं. ओळखपत्र, गाडीचा नंबर, माणसं किती, वाटाड्या कोण, हे लिहून पावती मिळायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. गाडीची कागदपत्रं मोबाइलमध्ये असली तरी छापील प्रत जवळ ठेवा. तिथे नेटवर्क येत-जात असतं.

वाटाड्यानं गाडीत बसण्याआधीच टायरकडे पाहिलं आणि हवा काढायला सांगितली. रणाची जमीन वरून भाकरीसारखी कोरडी दिसते, पण काही ठिकाणी पापुद्र्याखाली ओला चिखल असतो. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि तो पापुद्रा फुटत नाही. आम्ही चारही चाकं १५ पीएसआयवर आणली. काडीनं व्हॉल्व्हची पिन दाबून हवा काढायला प्रत्येक चाकाला पाच-सहा मिनिटं लागली. (पिन काढायचं छोटं पितळी अवजार साध्या सायकलच्या दुकानातही मिळतं. आता आमच्याकडे दोन आहेत.)

दिवस फार सुंदर गेला. घुडखरांचा एक कळप बराच वेळ आमच्या समांतर धावत होता. मुलानं पहिल्यांदाच अगरियांची मिठाची आगरं पाहिली. जमिनीखालचं खारं पाणी उपसून ते उथळ वाफ्यांमध्ये सोडतात आणि त्या पाण्याचं मीठ होईपर्यंत कुटुंबासकट तिथेच राहतात. एका झोपडीत आम्हाला काळा चहा मिळाला. बाबा त्या माणसाशी त्याच्या सोलर पंपाबद्दल अर्धा तास बोलत बसले होते.

साडेपाचच्या सुमारास खाराघोड्याच्या बाजूनं बाहेर पडलो. वाटाड्या उतरून गेला. पाटडीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून पंप लावला. १५ पीएसआयवर डांबरावर जोरात गाडी हाकता येत नाही. टायरची बाजूची भिंत सारखी वाकते, तापते, स्टिअरिंग जड होतं, आणि वळणावर टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. तीसच्या वेगानं सव्वादोनशे किलोमीटर जाणं शक्यच नव्हतं.

पहिलं चाक १५ वरून ३० वर यायला नऊ मिनिटं लागली. पंपाचा प्लास्टिकचा डबा हात लावता येणार नाही इतका तापला. दहा मिनिटं थांबलो आणि दुसरं चाक लावलं. २१ वर आकडा आला, पंपाचा आवाज बदलला, जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. पट्टीवरचे आकडेही गेले. सॉकेटचा फ्यूज उडाला होता, त्यामुळे मोबाइलचं चार्जिंगही गेलं. सूर्य मावळला होता आणि रणातलं थंड वारं सुटलं होतं. मुलगा मागच्या सीटवर शाल पांघरून गप्प बसला होता. मी त्याच्याकडे बघून हसत होते, पण पोटात गोळा आला होता. घरातून निघताना ही वस्तू मी निवडली होती, आणि मला ते सारखं टोचत होतं.

सव्वासहाच्या सुमारास मीठ भरलेला एक ट्रक आमच्यापुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून आला आणि चाकांकडे बघून एवढंच म्हणाला, "हवा जोईए छे, बेन?" त्यानं सीटखालून नळीचं भेंडोळं काढलं आणि एक टोक ट्रकच्या ब्रेकच्या टाकीला जोडलं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कंप्रेसर ती टाकी भरत राहतो, आणि तिच्यात सात-आठ बार, म्हणजे शंभराच्या वर पीएसआय दाब असतो. उरलेली तिन्ही चाकं पाच मिनिटांत भरली. एका चाकात ३८ पर्यंत हवा गेली, ती बाबांच्या खिशातल्या जुन्या डायलच्या गेजवर बघून आम्ही कमी केली. त्यानं पैसे घेतले नाहीत. "रहेवा दो बेन, हवाना ते कांई पैसा लेवाय?" शेवटी लिलो चिवड्याचं एक पाकीट त्यानं घेतलं. घरी पोहोचायला रात्रीचे साडेबारा वाजले.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार करायला बसले. परत करायची सात दिवसांची मुदत कधीच संपली होती, पण खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी होती. ३० डिसेंबरला विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार अशा अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली. त्यानंतरचं उत्तर होतं, "ब्रँडशी संपर्क साधा." ब्रँडचा फोन सतत व्यग्र. खोक्यावर आयातदाराचं नाव, पूर्ण पत्ता आणि कोणत्या देशात बनलं ते छापणं बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर ते एका चिकटपट्टीवर होतं आणि अर्धी पट्टी फाटलेली होती. सुदैवानं मी खोकं फेकलं नव्हतं. माझी कळकळीची विनंती आहे, वॉरंटी असेपर्यंत खोकं ठेवा. जागा नसेल तर सहाही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

८ जानेवारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला. तिथे मराठीत किंवा गुजरातीतही बोलता येतं. बिल, खोक्याचे फोटो, बंद पंपाचा व्हिडिओ आणि जुना ईमेल चढवला, तक्रार क्रमांक मिळाला. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती कंपनीकडे तक्रार पोहोचवते आणि उत्तर मागते. तेवढ्यानं काम झालं. २७ जानेवारीला कंपनीचं उत्तर आलं की पंप स्वखर्चानं पाठवा. मी नम्रपणे पण स्पष्ट लिहिलं की सदोष वस्तू परत पाठवायचा खर्च माझा नाही. दोन दिवसांनी त्यांचा माणूस येऊन पंप घेऊन गेला, आणि ४ फेब्रुवारीला १,८९९ रुपये खात्यात आले. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं मी ठरवलं होतं. पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तिथे शुल्क लागत नाही.

पंप घरी पडून होता त्या महिन्यात बाबांना तो उघडून बघायची फार इच्छा होती. बाबांची सगळी नोकरी इलेक्ट्रिकल टेस्टिंगमध्ये झाली. बंद पडलेली वस्तू समोर असताना तिला हात न लावणं त्यांना जमत नाही. मी पंप कपाटात ठेवून किल्ली जवळ ठेवली, कारण एक जरी स्क्रू फिरला असता तरी कंपनीला नाही म्हणायला कारण मिळालं असतं. बाबांनी मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन केलं. ते भरलं ८७० ग्रॅम. म्हणाले, "यात तांबं कुठे आहे? लोखंड कुठे आहे?"

जानेवारीतल्या रविवारी मी बाबांच्या दांडिया बाजारातल्या घरी जायचे आणि जेवणं झाल्यावर आम्ही दोघं वही घेऊन बसायचो. तिथे बाबांनी मला जो हिशोब शिकवला, तो मला आधी कुठेच इतका सोपा करून सांगितलेला सापडला नव्हता. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १५ पीएसआय असतो. म्हणजे टायरचा दाब १५ वरून ३० वर न्यायचा असेल, तर टायरच्या पोकळीएवढी बाहेरची हवा त्यात आणखी एकदा कोंबायची. आमच्या टायरचं माप २५५/६५ आर १८. त्याची पोकळी मोजून काढली तर साधारण ६० लिटर भरते. म्हणजे एका चाकाला ६० लिटर हवा, चार चाकांना २४०. जुन्या पंपानं ६० लिटरला नऊ मिनिटं घेतली, म्हणजे मिनिटाला सात लिटरही नाही. खोक्यावर होते ३५!

यात कंपनीनं धडधडीत खोटं लिहिलं असेलच असं नाही, असं बाबांचं म्हणणं. असा आकडा बहुतेक वेळा नळी मोकळी असताना मोजलेला असतो, टायर न जोडता. समोर दाब असला की पिस्टनला तो रेटून हवा आत ढकलावी लागते आणि प्रवाह घटतो. त्यात पंप तापला की आणखी घटतो. आणि १५० पीएसआय म्हणजे तो जास्तीत जास्त किती दाबापर्यंत तग धरेल एवढंच. सायकलच्या बारक्या टायरमध्ये शंभर पीएसआय भरणारा हातपंपही असतो, पण त्यानं थारचं चाक भरायला घेतलं तर सकाळ होईल. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: ३० पीएसआयवर मिनिटाला किती लिटर? ज्या वस्तूच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, ती बनवणाऱ्यानं निदान मोजून पाहिलेलं असतं.

परदेशी बनावटीवर हा आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असा, असतो. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर प्रति मिनिट. व्हायएअर या कंपनीच्या ४०० पी या मॉडेलवर मोकळ्या नळीचे २.३ सीएफएम लिहिलेले असतात, म्हणजे सुमारे ६५ लिटर. त्याच्या पुढे आणखी एक गोष्ट लिहिलेली असते आणि ती माझ्या मते तितकीच महत्त्वाची आहे: १०० पीएसआयवर ३३ टक्के. याचा अर्थ, तेवढ्या दाबावर एक तृतीयांश वेळ चालवायचा आणि दोन तृतीयांश वेळ थंड होऊ द्यायचा. कमी दाबावर तो जास्त वेळ चालतो. हा आकडा खोक्यावर नसेल तर सलग किती मिनिटं चालवायचा आणि किती वेळ विश्रांती द्यायची, हे लेखी विचारा. आमच्या मेलेल्या पंपाच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर "सलग ८ मिनिटं" असं लिहिलेलं होतं. मी ते डिसेंबरनंतर वाचलं.

विजेचाही हिशोब असतो. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्ट गुणिले १५ म्हणजे १८० वॉट, तेही अगदी काठावर. त्या सॉकेटमधून यापेक्षा जास्त ताकद मिळूच शकत नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. मोठ्या टायरसाठी कंप्रेसरला २० ते ३० अँपिअर लागतात, आणि ते बॅटरीला थेट चिमटे लावूनच घ्यावे लागतात. वायर जाड हवी, तांब्याची हवी आणि तिच्यात स्वतःचा फ्यूज हवा, तोही चिमट्याच्या जवळ. (आमच्या गाडीचा उडालेला फ्यूज प्रतापनगर रोडवरच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं वीस रुपयांत बदलला. जास्त अँपिअरचा घालून द्या, असं त्याला कधीही सांगू नका. वायर जळेल.)

एवढं कळल्यावर पर्याय आपोआप कमी झाले. ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता. तो एका रविवारी मागून आणला. पहिलं चाक १५ ते ३० साडेसहा मिनिटांत भरलं, दुसरंही भरलं, तिसऱ्याला २३ वर चार्जिंग संपलं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी मी तो आनंदानं घेईन, पण रणातल्या चार चाकांचं काम त्याचं नाही. बॉनेटखाली कायमचा बसवायचा कंप्रेसर नवऱ्याला फार आवडला होता. सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर त्यांनी सांगितलं की मूळ वायरिंग कापून काही जोडलं तर इलेक्ट्रिकल भागांच्या वॉरंटीला अडचण येईल, बॅटरीला चिमटे लावून वापरायला हरकत नाही. हे मी त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं. शिवाय गाडीत बसवलेली अशी वस्तू विमा पॉलिसीत मूल्यासह नोंदवावी लागते आणि वेगळा हप्ता भरावा लागतो. तो बेत रद्द झाला.

आत्येभाऊ मेलबर्नला असतो. तो म्हणाला, "एआरबी कंपनीचा कंप्रेसर घेऊन येतो, इथे सगळे तोच वापरतात." वस्तू उत्तमच असते, पण किंमत ऐकून आम्ही थांबलो. त्या वेळी परदेशातून येताना ५० हजारांपर्यंतचं सामान करमुक्त होतं, म्हणजे तो प्रश्न नव्हता. पण बिल तिकडचं, वॉरंटी तिकडची, आणि उद्या पिस्टनची रिंग गेली तर बडोद्यात ती कुठून आणायची? वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्या माणसानं एवढे पैसे घालावेत असं मला वाटलं नाही. जे दर महिन्याला जातात त्यांनी जरूर घ्यावा.

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बाबांच्या ओळखीचे एक जण छोट्या कंप्रेसरची दुरुस्ती करतात. त्यांच्याकडे दोन फेऱ्या झाल्या. त्यांनी दोन उघडलेले पंप शेजारी ठेवून दाखवले. एकाचा पिस्टन अंगठ्याएवढा, गिअर नायलॉनचे. दुसऱ्याचं सिलिंडर ओतीव ॲल्युमिनियमचं, बाहेरून उष्णता सोडण्यासाठी पट्ट्या, मोटर पिस्टनला थेट जोडलेली. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. हवा दाबली की ती तापतेच, कोणत्याही किमतीचा पंप घ्या. फरक एवढाच की ती उष्णता कुठे जाते. प्लास्टिकच्या डब्यात ती कोंडते, धातूच्या अंगावरून वाऱ्यात निघून जाते. दोन सिलिंडरवाल्या स्वस्त पंपांबद्दल ते म्हणाले की सिलिंडर दोन असले तरी मोटर तीच बारकी असेल तर काही उपयोग नाही, किती अँपिअर घेतो ते बघा.

१२ फेब्रुवारीला तिथल्याच एका दुकानातून एक सिलिंडरचा, धातूचा, चिमट्यांचा कंप्रेसर घेतला. खोक्यावर ७२ लिटर, ३० अँपिअरचा फ्यूज, वजन साडेचार किलो. किंमत ७,२०० रुपये, जीएसटीसह पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर. दुकानदारानं बिलाशिवाय चारशे कमी करतो म्हटलं. मी नको म्हटलं. जानेवारीत बिलाची किंमत मला कळली होती. ऑनलाइन तोच साडेसहा हजारांना दिसत होता, पण इथे सुटे भाग मिळतात आणि पैसे देण्याआधी दुकानदाराने तो आमच्याच गाडीच्या बॅटरीला लावून चालवून दाखवला.

नळी किती लांब आहे ते आधी बघा. थारची बॅटरी पुढे, आणि मागचं उजवं चाक तिथून फार लांब. कंप्रेसरची नळी पाच मीटरची होती, तरी मागच्या चाकाला ती ताणली जात होती. तीन मीटरची जोडनळी ४५० रुपयांना वेगळी घेतली. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली प्लास्टिकची नळी टाळा. ती गरम झाली की जोडाशी मऊ पडते. रबराची घ्या. टोकाला आटे फिरवून लावायचं पितळी तोंड असेल तर काढताना थोडी हवा निसटते, कळ दाबून बसणारं तोंड चटकन निघतं, पण स्वस्तातलं कळीचं तोंड गळतं. आमचं गळलं. दुसरं ३२० रुपयांचं घेतलं, ते ठीक आहे.

सोसायटीत पहिली चाचणी बाबांनी घेतली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. आधी लाल चिमटा, मग काळा. तळघरात इंजिन चालू ठेवून हे करू नका, धुराचा धोका असतो, आम्ही गाडी गेटबाहेर घेतली होती. १५ वरून ३० ला एक मिनिट ४५ सेकंद लागले. हिशोबानं मिनिटाला ३४ लिटर, खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, आणि तरी जुन्यापेक्षा पाचपट. बाबांच्या क्लॅम्प मीटरवर सुरुवातीला १९ अँपिअर होते, ३० पीएसआयला २४. मग इंजिन बंद करून दुसरं चाक घेतलं, तर दोन मिनिटं दहा सेकंद. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की मोटर हळू फिरते. बाबांनी सगळं वहीत लिहिलं, तारखेसकट.

१६ फेब्रुवारीला सिंधरोटला महीच्या वाळूत गेलो. पाण्याच्या काठाला गाडी लावून टायरजवळ उकिडवं बसू नका. मगरी फक्त विश्वामित्रीतच नाहीत. काठापासून बरंच आत, उंच जागी थांबलो. तिथे एक चूक केली, ती सांगते. कंप्रेसर वाळूवरच ठेवला. तो चालताना थरथरत हळूहळू वाळूत रुतला आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाशी बारीक वाळू उडायला लागली. तेव्हापासून गाडीतला रबरी मॅट अंथरून त्यावर ठेवतो, आणि घरी आल्यावर फिल्टरचा स्पंज झटकतो. नळीच्या सुरुवातीचा धातूचा भाग सणसणीत तापतो. मुलाला हात लावू दिला नाही, आणि सामानात आता जुने सुती हातमोजे आहेत.

दुसरी एक गोष्ट तिथेच कळली. कंप्रेसरवरचा काटा हवा जाताना दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, कारण तो नळीतला दाब दाखवत असतो. बंद करून, नळी काढून, वेगळ्या गेजवर मोजलं की खरा आकडा कळतो. बाबांचा डायलचा गेज आता गाडीतच राहतो.

१ मार्चला, शनिवारी, पुन्हा रणात गेलो. परवान्याला या वेळी पंचवीस मिनिटं, छापील प्रती तयार होत्या. आगरांमध्ये आता पांढऱ्या मिठाचे थर दिसत होते. तो काळा चहा देणारा अगरिया भेटला. मी खाराघोड्याच्या रस्त्यावर त्या ट्रकची वाट पाहिली. नंबर मी टिपला नव्हता, चेहरा मात्र लक्षात आहे. पुष्कळ ट्रक गेले, तो नव्हता.

त्याच जागी गाडी थांबवली. मॅट अंथरला, चिमटे लावले, मुलगा गेज धरून बसला. दोन चाकं, मग पाच मिनिटं थांबणं, मग उरलेली दोन. नळी हलवणं, मोजणं, टोप्या लावणं धरून चौदा मिनिटं. चारही चाकं ३० वर. कंप्रेसर तापला होता, पण चालू होता. तो लगेच पिशवीत घातला नाही, पंधरा मिनिटं उघड्यावर ठेवला आणि तेवढ्यात आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. अजून पुरता अंधारही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबांनी घरासमोर पुन्हा मोजलं. चारही चाकं २७ आणि २८ च्या मध्ये. हवा गळली नव्हती. दिवसभर चालून तापलेल्या टायरमध्ये आम्ही ३० भरले होते आणि रात्री ते थंड झाले. साधारण पाच-सहा अंश तापमान उतरलं की एक पीएसआय कमी होतो, गाडीला सांगितलेला आकडा थंड टायरचा असतो. बाबांनी चाकागणिक आकडे वहीत लिहिले, कंप्रेसर लावला आणि प्रत्येक चाकात उरलेली हवा भरली. एका चाकाला वीस-बावीस सेकंद लागले.